बेल न वाजवणारा माळी

३ फेब्रुवारी

मामा,

वाकून नमस्कार, आणि आता ताठ उभी राहून तक्रार.

तू शब्द टाकून मिळवून दिलेलं घर झकास आहे. मागे अंगण आहे, अंगणाला झुडपांचं कुंपण आहे, नळाला पाणी आहे, आणि घरमालकीणबाई हव्या तेवढ्या लांब राहतात. पण त्यांनी बागेसोबत एक माळीही दिलाय, आणि त्याला बेल नावाची वस्तू ठाऊक नाही. बाजूच्या फाटकातून येतो. केव्हा? त्याच्या मनात येईल तेव्हा. मी स्वयंपाकघरात असते, पाठीमागून आवाज येतो, "ताई, दूध." वळून बघते तर खिडकीत एक हिरवी टोपी, टोपीखाली दोन डोळे, आणि गॅसवर दूध उतू चाललेलं! दूध वाचलं हे खरं. पण माझं काळीज उतू गेलं त्याचं काय?

गेल्या रविवारी तुझे जावई बनियनवर, तोंडाला दाढीचा साबण फासून आरशासमोर गात होते. तुला त्यांचा गळा माहीत आहे. खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "वरचा सूर जरा घसरतोय हं." ह्यांनी गाल कापून घेतला.

बरं, दिवस तरी कसा निवडतो बघ. नेमका माझा धुण्याचा रविवार. मी दोरीवर कपडे टाकून आत येते न येते तोच फाटक करकरतं. मंगळवारी तर भर दुपारी आला. तीच टोपी, गुणगुणत होता, आणि चिखलाचे पाय थेट व्हरांड्यापर्यंत.

आणखी एक. कुंपणाच्या पानांवर खडूच्या पांढऱ्या रेघा सापडल्या. मापं घेतोय! हे म्हणतात, माळी नाहीच, बाईंचा हेर आहे.

बाई तुझं ऐकतात. त्यांच्या विहिरीची मोटर जळाली की नवी तार गुंडाळून तूच भरून देतोस. त्यांना सांग की माळ्याने एक दिवस ठरवावा आणि आधी बेल वाजवावी. लवकर सांग. आम्हाला हे घर सोडायचं नाहीये.

तुझी,
टकळी


९ फेब्रुवारी

टकळे,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जातायत.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं आणि मी ऐकलं. मी पत्रं ऐकतोच, आणि उत्तरं मामीकडून लिहून घेतो. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून वाद आहे. पण मोटर बाकावर ठेवून चालू केली की हात न लावता सांगतो, बेअरिंग गेलंय की कॉइल. चांगली मोटर गुणगुणते. बिघडलेलीही गुणगुणते, पण मध्येच एकदा घसा खाकरते. तुझं पत्र मंगळवारपाशी खाकरलं.

मंगळवारी भर दुपारी तू चष्म्याच्या दुकानात लोकांना "वरची ओळ वाचा" म्हणत असतेस. जावईबापू छापखान्यात. मग टोपी कोणी पाहिली? गुणगुणणं कोणी ऐकलं? मामी म्हणाली, "शेजारीण असेल." मी म्हटलं, शेजारीण असती तर या पोरीने शेजारणीची गुडघेदुखी, तिचं औषध आणि तिच्या सुनेचा स्वभाव, सगळं लिहून पत्राला जादा तिकीट लावलं असतं. मामी म्हणाली, "मग मांजर पाळलं असेल." मांजर टोपीचा रंग सांगत नाही.

आणि एका माळ्याला इतकं कोण घाबरतं? ज्याच्या घरात काही नाही, तो खिडकीत टोपी दिसली तर शिवी हासडतो. ज्याच्या घरात काही आहे, तो मामाला पत्र लिहितो.

बाईंना मी सांगेन. पण आधी घरात कोण आहे ते मला कळव. बाईंनी मला विचारलं होतं, "किती माणसं?" मी छाती ठोकून म्हटलं, "दोन." भाडेकरारात दोन लिहिलंय ते माझ्या तोंडचं आहे. मी धंद्यात उतरलो तो एक पक्कड आणि एक शब्द घेऊन. पक्कड केव्हाच हरवली.

तुझा,
मोटरमामा


१४ फेब्रुवारी

मामा,

तुझे कान म्हणजे एक दुखणंच आहे. दुसऱ्याचं.

घरात माझे सासरे आहेत. तीन महिने झाले.

तू त्यांना लग्नात पाहिलंस, अंगात स्वतः शिवलेला कोट आणि चेहऱ्यावर दुसऱ्यांचे कोट बघून आलेलं दुःख. त्यांची जवळची नजर गेली. सुईत दोरा जाईना, म्हणून दुकान दुसऱ्या शिंप्याला दिलं आणि मागच्या खोलीत एकटेच राहायला लागले. एकदा दुकान बंद होतं त्या दिवशी स्टुलावरून पडले. सकाळी पडले ते संध्याकाळी, पायजमा न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने उचलले. ह्यांना कळलं तसे गेले आणि घेऊन आले. बाई आधीच बजावून गेल्या होत्या, "दोन म्हणजे दोन. तिसरं दिसलं तर त्याच दिवशी सामान बाहेर." तुला सांगितलं असतं तर तू बाईंशी खोटा पडला असतास, नाहीतर आमच्यावर चिडला असतास. म्हटलं, दोन्ही वाचवू.

तेव्हापासून आमच्याकडे कवायत चालते. फाटक करकरलं की बाबा न्हाणीघरात. त्यांच्या चपला फ्रिजमागे. तिसरा कप उशीखाली. एकदा त्यांचा चष्मा टेबलावर राहिला, तर ह्यांनी आपलाच असल्यासारखा डोळ्यांवर चढवला आणि माळ्याला "या या" म्हणत भिंतीवर जाऊन आपटले. मंगळवारचं मला बाबांनीच सांगितलं. व्हरांड्यात चिखल बघून मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माळी आला होता, मी लपलो होतो."

बाबा हसण्यावारी नेतात. "सूनबाई, मी काय चोरीचा माल?" म्हणतात. माळी येऊन गेला की उलट जास्तच खुशीत असतात. आम्हाला धीर यावा म्हणून करत असणार. मला भरून येतं. हातांवर ओरखडे दिसले म्हणून विचारलं, तर म्हणाले, न्हाणीघरातला नळ लागला.

पण परवा घरी आले तर त्यांची बॅग भरलेली. म्हणाले, "महिना संपला की मी माझ्या खोलीत जातो. माझ्यापायी तुमचं छप्पर जायला नको." हे उठून न्हाणीघरात गेले. संध्याकाळभर तो नळ दुरुस्त करत बसले, बिघडलेला नसताना.

मामा, त्या खोलीत ते परत पडले तर? आणि त्या दिवशी कोणाचा पायजमा तयार नसला तर? त्या माळ्याचं येणं थांबव. तो थांबला की बाबा थांबतील.

कुंपण कापून झालंय. मेल्याचं काम सुंदर आहे, हे लिहिताना हात दुखतो. कड अशी की पट्टी ठेवावी, आणि कोपऱ्याची गोलाई तर चांगल्या शर्टाच्या कॉलरसारखी.

तुझी,
टकळी


१८ फेब्रुवारी

टकळे,

तुझं पत्र ऐकून मी इतका ओरडलो की कारखान्यातली माणसं मोटर बंद करून बाहेर आली. मामी म्हणाली, "ओरडून झालं की जेवायला या, गार होतंय."

राग सासऱ्यांना आणल्याचा नाही. त्यांना तिथेच ठेवलं असतंत तर मी जावयाच्या हातचं पाणी प्यालो नसतो. राग याचा की माझा शब्द, आणि तो खोटा पडला ते मलाच ठाऊक नाही. मी बाजारात 'दोन, दोन' म्हणत फिरतोय आणि तिकडे उशीखाली तिसरा कप! महिना संपायच्या आत बाईंना खरं सांगायचं. तू सांग, नाहीतर मी सांगेन. याला अपील नाही.

आता दुसरं. जेवताना मामीला पत्र परत वाचायला लावलं, आणि घास हातातच राहिला. अगं, नळ लागला तर टेंगूळ येतं. नळ ओरबाडत नाही. कुंपणावरचा खडू कसला आहे, शाळेतल्यासारखा गोल, की साबणाच्या वडीसारखा चपटा? माळ्याला सरळ कापायचं तर तो दोरी बांधतो. कापायच्या आधी खडूने आखणारा धंदा मला एकच माहीत आहे. आणि कोपऱ्याला कॉलर म्हणालीस ती तू, मी नाही.

जास्त बोलत नाही. माळी न सांगता येतो ना? मग एक दिवस तूही न सांगता घरी जा. आणि बेल वाजवू नकोस.

मोटरमामा


२३ फेब्रुवारी

मामा,

खडू चपटा आहे.

काल दुकानात डोकं दुखतंय म्हणून निघाले. फाटकाला तेल पाजून उघडलं, करकरलं नाही. अंगणात बघते तर माळी माझ्या स्टुलावर, माझ्या कपात चहा पितोय. आणि बाबा! गळ्यात माप घ्यायची टेप, कानावर खडू, हातात ती मोठी कात्री, आणि समोरच्या झुडपाकडे असे बघतायत जसं ते झुडूप घाईघाईत लग्नाचा सूट शिवायला आलंय.

"खांदा उतरतोय याचा," बाबा म्हणाले.

"मास्तर, झाड आहे ते," माळी म्हणाला.

"म्हणून काय गबाळं राहायचं?"

मी खोकले. माळ्याने कप पाठीमागे लपवला. बाबांनी कात्री पाठीमागे लपवली. दोघं शाळेत पकडल्यासारखे उभे. मग बाबा सवयीने न्हाणीघराकडे निघाले. मी म्हटलं, "बाबा, आता कोणापासून लपताय?" तेव्हा थांबले.

मग सगळं बाहेर आलं. ते आले त्याच आठवड्यात माळ्याने त्यांना खिडकीतून पाहिलं होतं. कुंपणाला वेडंवाकडं कापत होता, ते बाबांना बघवेना, आतून ओरडले, "अरे, उभ्या धाग्यात काप!" तिथून मैत्री. सुई दिसत नाही, पण हातभर लांबचं झाड स्पष्ट दिसतं, आणि हात तर कात्रीसाठी शिवशिवत होतेच. आम्ही कामावर गेलो की बाबा दोरीवर माझा लाल टॉवेल टाकतात. माळी कोपऱ्यावरच्या उंच इमारतीची गच्चीवरची बागही सांभाळतो, तिथून आमची दोरी दिसते. लाल टॉवेल म्हणजे घर मोकळं, या.

मी म्हटलं, "आणि रविवारी? आम्ही घरात असताना का येता, न सांगता?"

माळी दुखावलाच. "ताई, मी एकदाही न सांगता आलेलो नाही. टॉवेल होता म्हणून आलो."

मामा, रविवारी तो टॉवेल मी धुते! मी दोरीवर टाकते! तीन महिने त्या माणसाला मीच आमंत्रण देत होते आणि आला की किंचाळत होते. "टॉवेल बाहेर आणि साहेब घरात गातायत," माळी म्हणाला, "मला वाटायचं मास्तरांना काही झालं तर नाही? म्हणून डोकावायचो." आणि बाबा न्हाणीघरात कडी लावून तोंडात पंचा कोंबून हसायचे.

मी हसत खालीच बसले. पण हसू फार टिकलं नाही. माळ्याने बाईंना सांगून ठेवलंय की त्याने एक मदतनीस ठेवलाय. कुंपण बघून बाई खूश आहेत आणि या रविवारी मदतनिसाला बघायला येणार आहेत. बॅग त्यासाठीच भरली होती. माळी म्हणतो, "उभे राहा मदतनीस म्हणून, त्यांना काय कळतंय?" बाबा म्हणाले, "मुलाच्या अंगणात परका म्हणून उभा राहू? त्यापेक्षा खोली बरी. मी शनिवारी निघतो."

बॅग मी कपाटात कोंडलीय आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. रविवारी बाई आल्या की मी सांगणार. तू मात्र सामान ठेवायला जागा बघून ठेव.

टकळी


२५ फेब्रुवारी

बाई,

नमस्कार. तुमच्या मोटरीबद्दल हे पत्र नाही, ती ठणठणीत आहे.

मी तुम्हाला सांगितलं होतं, दोन माणसं. तीन आहेत. तिसरे जावयाचे वडील, एकटे राहत होते आणि पडले, म्हणून आणले. मुलांनी लपवलं, कारण त्यांना भीती घराची होती. मला आता कळलं, पण शब्द माझा होता, तेव्हा चूक कोणाची हे शोधायला फार लांब जाऊ नका.

माझ्या शब्दावर यापुढे विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. स्वतः जा, त्या माणसाला बघा आणि मग ठरवा. घर सोडा म्हणालात तर मी टेम्पो घेऊन येईन आणि तुमच्यावर राग धरणार नाही. मोटर मात्र मीच भरणार. ती दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही.

आपला,
मोटरवाला


२ मार्च

मोटरवाले,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. मी शनिवारीच जाऊन आले होते. सांगितलं होतं रविवार. ड्रायव्हिंग स्कूल चालवते मी. कोण कसं चालवतं हे बघायचं तर सांगितलेल्या दिवशी जायचं नसतं.

अंगणात एक गृहस्थ गळ्यात टेप टाकून उभे. मी म्हटलं, "तुम्हीच का मदतनीस? छान काम. ती पलीकडची वेलही घ्या." ते म्हणाले, "घेतो. पण मदतनीस मी नाही. मी या घरातला तिसरा." मी म्हटलं, "या घरात तिसरा नाहीच." ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. बॅग भरलेली आहे, किल्ली सूनबाईकडे आहे. ती आली की निघतो. तोवर एवढा कोपरा पुरा करू द्या. अर्धवट दिलेला माल मला आवडत नाही." आणि वळून कापायला लागले. माझ्याकडे पाठ करून! पंचवीस वर्षांत माझ्याकडे पाठ करायची हिंमत माझ्या गाडीशिवाय कोणी केलेली नाही.

मी बसून राहिले. कोपरा पुरा झाला. मग म्हणाले, "तुमच्या कोटाचा डावा खांदा शिंप्याने बिघडवलाय." मला तीन वर्षं वाटत होतं माझाच खांदा बिघडलाय.

त्या दोनाच्या नियमाचं ऐका. मागच्या भाडेकरूने दोन सांगून अकरा आणले होते, वर बकरी. मला माणसं मोजायची हौस नाही. फसवलं की डोकं फिरतं. सून आली, दारातच रडत म्हणाली, "हे माझे सासरे आहेत, आम्ही खोटं बोललो, यांना एकटं सोडणार नाही, आम्ही जातो." एका श्वासात. क्लच न दाबता तीन गिअर.

मी तिला पाणी दिलं आणि भाडेकरारात 'दोन' खोडून 'तीन' लिहिलं, सह्या घेतल्या. चौथा आला तर मला आधी कळवायचं. जन्माला येणार असेल तर त्याला परवानगी लागणार नाही, हेही त्यांना सांगा. माळ्यालाही झापलं. बाग माझी असली तरी घर त्यांचं आहे. तिथे बेल वाजवल्याशिवाय पाय टाकायचा नाही. हे त्याला मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

तुमचा शब्द एकदा घसरला. पुढच्या वेळी आकडा सांगण्याआधी जाऊन मोजून या.

घरमालकीण


८ मार्च

मामा,

टेम्पो सांगून ठेवला असशील तर परत पाठव.

बाईंनी तुला सगळं लिहिलं म्हणतात, पण त्यांनी स्वतःचं लिहिलं नसेल. जाताना त्या फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "कोट ठेवून जाऊ का?" बाबा म्हणाले, "शिवणार नाही मी, डोळे नाहीत. आखून देईन, शिवणारा दाखवेन." थंडीत बाई कोटाशिवाय गेल्या.

कपाट उघडून मी बाबांना बॅग दिली. ते म्हणाले, "तूच रिकामी कर, मला खालचं दिसत नाही." दिसतं त्यांना, मामा. लांब धरली की सगळं दिसतं. पण मी रिकामी केली. शर्ट ह्यांच्या शर्टांशेजारी लावले, आणि हे बघत होते आणि काहीतरी गात होते, सगळे सूर घसरलेले, आणि कोणी काही म्हणालं नाही.

आता तक्रार अशी की माळी बेल वाजवतो. बाईंनी असं काही झापलंय की तो येताना वाजवतो, बादली घ्यायला पुढे आला तर वाजवतो, आणि निघताना "निघालो" सांगायला परत वाजवतो. काल एक फूल उमललं ते कळवायला वाजवली. हे म्हणतात, लपूनछपून येत होता तेव्हाच घरात शांतता होती.

मी आज सकाळी दार उघडायला निघाले, तर बाबांनी हाताने थांबवलं. "राहू दे सूनबाई, मी बघतो." आल्यापासून त्यांनी या घराचं पुढचं दार एकदाही उघडलं नव्हतं. केस विंचरले, चपला घातल्या, सावकाश गेले. बेल पुन्हा वाजली, तरी घाई केली नाही. मग दोन्ही कड्या काढल्या आणि दार पार भिंतीला टेकेपर्यंत उघडून असे ओरडले की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, "कोण आहे रे? ये, ये! घरातच आहोत आम्ही तिघं!"

तुझी,
टकळी